हात वर केले की जागं होतं

सुईच्या नाकातून दोरा सरकावा, तशी टाचणीबाईंची एकतीस वर्षं शिवणशाळेतून सरकली होती. तिसरा मजला, उजेडाकडचा वर्ग, बावीस शिलाई यंत्रं, बावीस मुली. दरवर्षी मुली बदलत, उजेड तोच राही. आणि बाईंच्या डाव्या मनगटावरची टाचण्यांची गादीही तीच राही. काळ्या पट्ट्याने बांधलेली, वर झिजलेली निळी मखमल. टाचण्या तिला अशा बिलगून असत की बाईंनी हात झटकला, हवेत फिरवला, एखादीच्या पाठीत लाडाचा धपाटा घातला, तरी एक खाली पडेल तर शपथ. त्या गादीवरूनच मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'टाचणीबाई'. बाईंना ते कधीचंच ठाऊक होतं. पाठीमागची शिवण जिला दिसते तीच खरी शिवणारी, असं त्या म्हणत.

पण यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद. मग मुख्याध्यापिका घरी आल्या, चहा प्यायल्या, आणि कप खाली ठेवताना हळूच म्हणाल्या, "बाई, शनिवारी अकरा वाजता घरूनच एक तास घेऊन बघा. पडद्यावरून. जमलं तर वर्ग तुमचाच. नाही जमलं, तर खालच्या मजल्यावरच्या नव्या बाई आहेतच की."

इतक्या मऊपणे म्हणाल्या की टोचलं जास्त. बोथट सुईचंही तसंच असतं.

बाईंकडे स्मार्टफोन होता, पण तळहाताएवढ्या काचेत बाहीची गोलाई कशी दाखवणार? तेव्हा त्यांची भाची धावून आली. भाची दूरच्या शहरात दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायची. तिने आपला जुना लॅपटॉप आणला, त्यातली धापा टाकणारी जुनी कार्यप्रणाली पुसली आणि तिच्या जागी कोरंकरकरीत लिनक्स घातलं.

"मावशी, हे गुणी आहे बरं," ती म्हणाली. "तुला विचारल्याशिवाय मोठं काही करत नाही, आणि जे काही करतं ते लिहून ठेवतं."

"म्हणजे तुझ्या काकांच्या अगदी उलट," मावशी म्हणाली.

काका खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. ते निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे अजूनही वर्तमानपत्र हातात पट्टी घेऊन, ओळीखाली ओळ सरकवत वाचत. त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, "मी लिहून ठेवलं असतं, तर तुला वाचायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता."

गुरुवारी पहिल्या गाडीने भाची गेली, आणि पहिल्याच घासाला खडा लागला. वायफाय नाही. जिथे घराघरांच्या वायफायची नावं दिसायची तिथे चिटपाखरू नाही.

फोनवरून भाचीने सांगितलं, "मावशी, त्या वायफायच्या चिपला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आत नाहीये. आता फोन केबलने लॅपटॉपला जोड, फोनचं इंटरनेट त्याला दे. मग यादीत ड्रायव्हर दिसेल, त्यावर खूण कर."

"म्हणजे वायफाय आणायला आधी इंटरनेट हवं?"

"हो."

"म्हणजे विहिरीवर जायला घागरभर पाणी आधी जवळ हवं. बरं."

त्यांनी केबल जोडली, यादी शोधली, खूण केली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. शेजारपाजारची सगळी नावं पडद्यावर उगवली. बाईंनी लग्नघरच्या यजमानिणीसारखी ती मोठ्याने वाचून काढली. मग आवाज येईना. तोही त्यांनीच सोडवला: यंत्र आपला सगळा आवाज बाजूच्या भोकातून बाहेरच्या पडद्याकडे पाठवत होतं, आणि बाहेरचा पडदा कुणी जोडलाच नव्हता. सेटिंगमध्ये आवाजाचं दार बदललं आणि यंत्राने असं खणखणीत टिंग केलं की काकांची पट्टी घसरली.

गुरुवार हा बाईंचा आरामाचा वार. त्या दिवशी शिलाई यंत्रावर चादर असे, आणि गादी खुंटीवर. हे आत्ता सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

शुक्रवारी रंगीत तालीम ठरली. बाई नेमक्या दहा वाजता तयार झाल्या. केस विंचरले, कामाचा ॲप्रन चढवला, गळ्यात मापाची टेप घातली, मनगटावर गादी आवळली. भाची कामातून पंधरा मिनिटं काढून पलीकडे बसली होती. बाईंनी खुर्ची ओढली, दोन्ही हात यंत्रावर ठेवले, आणि म्हणाल्या, "मुलींनो, आज आपण बाही..."

पडदा काळाठिक्कर.

"अगं बाई!" बाईंनी दोन्ही हात वर केले. घाबरल्यावर माणूस करतो तसे. चार क्षण गेले, आणि यंत्र आपोआप जागं झालं.

त्यांनी हात खाली आणले. ते झोपलं.

हात वर केले. जागं झालं.

"शरण आलेल्याला मारत नाही," काका म्हणाले. "खानदानी यंत्र आहे."

"तुम्ही बसा बरं इथं."

काका बसले. यंत्र टक्क जागं. त्यांनी भाचीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, एक पत्त्यांचा डाव मांडला, हरले, दुसरा मांडला. यंत्र डोळ्यांची पापणी लववेना. बाई बसल्या, आणि अर्ध्या मिनिटात घोरलं.

"तुझा हात लागला की झोपतं," काका म्हणाले. "एकतीस वर्षं वर्गात हेच होत असणार, तुला कुणी सांगितलं नाही एवढंच."

बाई हसल्या, पण ते हसू कच्च्या टाक्यांचं होतं. ओढलं की निघणारं. उद्या अकरा वाजता बावीस मुलींसमोर, मुख्याध्यापिकांसमोर असा पडदा पडला तर? नव्या बाई तरुण होत्या. त्यांच्या हाताखाली कुठलंच यंत्र झोपत नसणार.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. शिवणशाळेत बाई सगळं गाण्यात शिकवायच्या. स्वतःच जोडलेल्या ओळी. फिटिंग बिघडलं की मुली एकदम चार टाचण्या काढून मोकळ्या होत, आणि मग कशामुळे काय सुधारलं हेच कळत नसे. त्यासाठी बाईंची ओवी ठरलेली:

*एकच टाचणी काढ, मग बघ गं कापड*
*दोन काढशील तर कुणावर फोडशील खापर?*

तेच त्यांनी इथे लावलं. कटिंगचा मोठा तपकिरी कागद टेबलावर पसरला, हातात खडू घेतला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत निघाल्या. चार्जर काढला. झोपलं. चार्जर लावला. झोपलं. 'कधीच झोपू नकोस' असं सेटिंगमध्ये बजावलं. त्याने 'बरं' म्हटलं आणि झोपलं. टेबल बदललं, खुर्ची बदलली, खिडकी लावली. प्रत्येक वेळी खडूने वेळ आणि निकाल. पांढऱ्या फुल्यांची रांग लांबत गेली, जणू कुणाच्या तरी अंगाचं माप.

दुपारी भाचीचा फोन आला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मी म्हटलं होतं ना, ते सगळं लिहून ठेवतं. त्याची रोजनिशी उघडू या. आज्ञा द्यायची ती काळी खिडकी उघड, मी सांगते ते अक्षर न अक्षर टाइप कर."

यंत्र जागं ठेवायला टाइप काकांनी केलं. पडद्यावर बारीक इंग्रजी ओळींचा पूर आला. बाईंना तो पाहूनच चक्कर आली. पण काकांचा चेहरा असा उजळला, जणू चाळीस वर्षांपूर्वीचा छापखाना पुन्हा सुरू झाला. त्यांनी पट्टी आणली, ती पडद्याला लावली आणि वाचायला बसले. एकही ओळ न गाळता.

"काका, शेवटच्या ओळी बघा फक्त," भाची म्हणाली.

"मधलं न वाचता शेवट वाचणारे लोक वेगळे. तू कामाला जा."

पाऊण तासाने त्यांनी पट्टी टेकवली. "अगं, ऐक. अकरा वाजून बारा मिनिटं. 'लिड क्लोज्ड', पूर्णविराम. मग 'सस्पेंडिंग', पुढे तीन टिंबं. मग 'लिड ओपन्ड', पूर्णविराम. आता तुझ्या कागदावरची वेळ सांग."

"अकरा बारा."

"अकरा एकोणीस?"

"फुली."

"सगळ्या जुळतात. हे यंत्र म्हणतंय, झाकण मिटलं म्हणून मी झोपलो."

बाईंचा पारा चढला. "मी झाकणाला बोट तरी लावलं का? माझ्या तोंडावर खोटं बोलतंय मेलं!"

"खोटं नाही गं. विरामचिन्हांची एक चूक नाही. इतकं नीटनेटकं लिहिणारा खोटं लिहीत नाही. त्याला तसं वाटलं असेल."

संध्याकाळी भाची म्हणाली की झाकण मिटल्याचं ओळखणारा भाग बिघडला असेल. एका फाइलमध्ये एक ओळ बदलली, की झाकणाकडे लक्ष देऊ नकोस म्हणून सांगता येईल. "पण ती फाइल एकटीने उघडू नकोस. उद्या सकाळी दहाला मी फोनवर आहे, दोघी मिळून करू."

शनिवारी सकाळी सातला बाई अंघोळ करून आल्या आणि सहज यंत्रापुढे बसल्या. जागं. आठ वाजले, जागं. त्यांनी बाहीचे तीन फोटो पाठवले, मुलींना निरोप लिहिला. नऊ वाजले तरी टवटवीत. बाईंनी खडूने कागदावर पहिली बरोबरची खूण केली आणि गुणगुणायला लागल्या.

दहाला भाचीचा फोन आला नाही. निरोप आला: दवाखान्यात एक यंत्र अडलंय, आत जातेय, मावशी घाबरू नकोस.

"कशाला घाबरू? बरं झालंय ते," बाई म्हणाल्या. साडेदहाला ॲप्रन, टेप, गादी. खुर्ची ओढली. हात ठेवले.

पडदा काळा.

बाईंनी हात वर केले नाहीत. तशाच बसून राहिल्या, काळ्या काचेत स्वतःकडे बघत. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "नव्या बाईंना फोन करते. मुलींचा तास बुडायला नको."

त्यांचा फोनकडे गेलेला हात काकांनी धरला नाही, पण पट्टी मध्ये आडवी ठेवली. "एक शेवटचं वाचून दाखवतो. तुझाच कागद. सकाळी सात ते नऊ, बरोबर. साडेदहा, फुली. दीड तासात किती टाचण्या काढल्यास?"

"एकही नाही. काही बदललंच नाही मी."

"टेबल तेच?"

"तेच."

"खुर्ची?"

"तीच. खिडकी तीच, नवरा तोच, नशीब तेच."

"मग तू तीच का?"

बाई उत्तर द्यायला वळल्या आणि थांबल्या. त्यांनी स्वतःकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करून पाहतात, वरून खालपर्यंत. गळ्यात टेप. टेप काढून ठेवली. हात यंत्रावर: झोप. ॲप्रन काढला. हात यंत्रावर: झोप. राहिली ती गादी. ती तर अंगाचाच भाग. तिला कोण मोजतं? गुरुवारी ती खुंटीवर होती. सकाळी अंघोळीनंतर ती खुंटीवर होती. काकांच्या मनगटावर तर ती जन्मात कधी नव्हती.

त्यांनी पट्ट्याचं बक्कल सोडलं. गादी टेबलाच्या पार कडेला ठेवली. रिकामा हात यंत्रावर टेकवला.

यंत्र टक्क जागं.

"अहो," बाई पुटपुटल्या, "हिच्या पोटात चुंबक आहे."

खरंच होतं. म्हणून तर टाचण्या बिलगून असायच्या. बाईंनी एक टाचणी बोटांत धरली आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेकडेने हळूहळू फिरवली, कापडावर माप घ्यावं तशी. उजवीकडून वर, मग आडवी, डावीकडे. वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी टाचणी चिकटली आणि लोंबकळत राहिली. झाकणातही एक इवलंसं चुंबक होतं! झाकण मिटलं की ते जिथे टेकणार, तिथेच खाली बाईंचं डावं मनगट यायचं. यंत्र बिचारं चुंबकाच्या स्पर्शावरून झाकण ओळखायचं. बाईंनी हात ठेवला की त्याला वाटायचं, आईने पांघरूण घातलं. हात उचलला की वाटायचं, उजाडलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," काका म्हणाले. "आपण मात्र पाऊण तास वाचत बसलो."

"तुम्ही वाचलंत म्हणूनच कळलं," बाई म्हणाल्या, आणि मग यंत्राच्या कडेवर बोट फिरवत, "खोटं नव्हतं रे बोलत तू. चुकले मी."

अकराला पाच कमी. काकांनी तेवढ्यात गादी उचलून खुंटीवर लावली. बाईंनी ॲप्रन बांधला, टेप घातली. अकरा वाजले, आणि पडद्यावर बावीस चौकोनांत बावीस चेहरे आले, तेविसाव्यात मुख्याध्यापिका. हात मांडीवर, चेहरा इस्त्रीचा.

"मुलींनो, आज आपण बाही बसवणार," बाई म्हणाल्या, आणि वाक्य पहिल्यांदाच पुरं झालं.

खांदा टेबलावर मांडला, बाहीचा माथा त्यावर धरला, आणि उजवा हात टाचणीसाठी सवयीने डाव्या मनगटाकडे गेला. मनगट रिकामं. बोटं हवेत चिमटा घेऊन परत आली. बाई पुढे बोलत राहिल्या, हात पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. एकतीस वर्षांची वाट ती. बोटांना दुसरी ठाऊक नव्हती. तिसऱ्या वेळी त्या अडखळल्या. बाहीचा माथा सुटला, कापड घसरलं. मुख्याध्यापिकांनी मान जराशी पुढे केली.

तेवढ्यात चौकटीच्या डावीकडून एक केसाळ मनगट आत आलं. त्यावर निळी मखमल. काकांनी गादी बांधली होती आणि यंत्रापासून हातभर लांब, बरोबर बाईंच्या कोपराशी, हात धरून बसले होते. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. बोटं गेली, टाचणी घेऊन आली. माथ्यावर पहिली, मग पुढची खूण, मग मागची.

बावीस चौकोनांत खुसखुस पसरली. मागच्या रांगेतली म्हणून प्रसिद्ध असलेली एकजण म्हणाली, "बाई, हे कोण?"

"हे टाचणीकाका," बाई म्हणाल्या. "कपडा नीट बघा. काका नंतर बघा."

मग तास रंगला. झोळ कुठे दाबायचा, ताण कुठे सोडायचा. बाई गात होत्या, मुली पलीकडून सूर धरत होत्या. एका मुलीने विचारलं की बाही मागे ओढली जाते तर काय करू, आणि बाई म्हणाल्या, "एक टाचणी काढ," आणि बाकीच्या एकवीस जणींनी सवयीने पुढची ओळ पुरी केली.

गाणं ऐकून काकांना राहवलं नाही. पलीकडे मुली कशा दिसतात ते बघायला ते पुढे वाकले. वाकताना आधाराला डावा हात टेकवायला गेले, नेमका यंत्राच्या डाव्या कोपऱ्याकडे. मखमल आणि यंत्र यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं.

बाईंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि ओरडल्या, "हात वर!"

काकांचा हात वर गेला. आणि पडद्यावर, एकाच वेळी, बावीसच्या बावीस मुलींचे हात वर गेले. बाईंची जरब तिसऱ्या मजल्यावरून इथवर जशीच्या तशी पोचली होती.

तेविसाव्या चौकोनातही एक हात वर होता. मुख्याध्यापिकांच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. इस्त्रीचा चेहरा हळूहळू चुरगळला आणि त्या हसल्या.

"बाई, आता हात खाली घेऊ का?" त्या म्हणाल्या. "आणि बाहीनंतर गळा येतो ना? मग पुढच्या शनिवारी गळा घ्या. याच वेळी."

"घेते," बाई म्हणाल्या.

मुली हसत हसत हात खाली घेत एकेक चौकोन मिटवून गेल्या. पडदा शेवटी रिकामा झाला, पण काळा झाला नाही. बाईंनी टेबलावरची बाही उचलली, उजेडाकडे धरली, माथ्याची गोलाई एकदा बोटाने चाचपली.

"अगं," शेजारून आवाज आला. काकांचा हात अजून वरच होता, टाचण्यांसकट. "मला कुणी खाली घ्यायला सांगितलंच नाही."